यादीत आपलं नाव दिसत नाही, म्हणून लॅपटॉप टाकून देऊ का?

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ६३ वर्षांच्या ताईंनी लिहिलंय. ग्रामीण रुग्णालयात ३४ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगी नाशिकला असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनच्या लहान पडद्यावर नातवाशी बोलताना डोळ्यांना ताण येतो, म्हणून मुलीने आपला कॉलेजातला लॅपटॉप आईला आणून दिला. घरात फायबरचं वायफाय आहे आणि फोनवर ते चालतं. पण फोनमध्ये जे नाव दिसतं (शेवटी '५जी' असलेलं), ते लॅपटॉपच्या यादीत दिसतच नाही. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा येऊन जोडून देतो. तो असेपर्यंत चालतं, तो घरी गेला की बंद. मुलगी फोनवरून सांगते, पण दहा मिनिटांत दोघींचाही आवाज चढतो. दुकानदार म्हणतो, जुना झाला, नवा घ्या. मुलगी पैसे द्यायला तयार आहे. ताई विचारतात, 'नवा घेऊ, की हा नादच सोडू? यादीत कुणाचं तरी बिनकुलपाचं नाव दिसतं, त्याला जोडलं तर चालेल का? आणि खरं सांगू का, हे माझ्या वयाला जमणारं नाही असं वाटायला लागलंय.'

ताई,

नवा लॅपटॉप एवढ्यात घेऊ नका. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं वाचून मला तुमचा लॅपटॉप धडधाकट वाटतोय. पेशंट जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून ठेवायची सवय तुमच्या हातात अजून आहे, म्हणून ती दोन्ही वाक्यं माझ्यापर्यंत पोचली. एरवी लोक 'नेट चालत नाही' एवढंच लिहितात आणि मग पुढे काहीच सांगता येत नाही.

पहिलं वाक्य त्या ५जी नावाचं. हा ५जी म्हणजे मोबाइलचा ५जी नव्हे. मोबाइलमधला 'जी' पिढीसाठी आहे, पाचवी पिढी. वायफायच्या नावातला 'जी' गिगाहर्ट्झचा. हल्ली घरात वायफायचे जे डबे (राउटर) बसवतात, ते बरेचसे एकाच वेळी दोन लहरींवर बोलतात, एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक स्वस्त लॅपटॉपना फक्त २.४ची लहर कळते. तुमच्या माहेरी नुसता मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर आठवून बघा. त्यावर सांगली आकाशवाणी खणखणीत लागायची, पण एफएम लावायला गेलात तर काटा कितीही फिरवा, काही उपयोग नाही. रेडिओ बिघडलेला नसायचा, त्याला ती पट्टीच नव्हती. तुमच्या लॅपटॉपचं बहुतेक तसंच आहे. यादीत तेच नाव, पण मागे ५जी नसलेलं, शोधा. सापडलं तर ते तुमचंच आहे. पासवर्डही बहुतेक वेळा दोन्हींना एकच असतो.

नाहीच सापडलं, तर वायफाय बसवून गेलेल्यांना फोन करून एवढंच वाक्य बोला: 'माझा लॅपटॉप जुना आहे, माझ्या राउटरवरचं २.४चं वायफाय चालू करून द्या.' त्यांना लगेच कळेल. आणि २.४ घेतलं म्हणजे काही कमी दर्जाचं घेतलं असं मनात आणू नका. ५ची लहर वेगवान असते, पण भिंतीपुढे लवकर दमते. २.४ची जरा सावकाश, पण लांबवर जाते. जुन्या घराच्या जाड भिंतींना तीच बरी, आणि व्हिडिओ कॉलला तेवढा वेग पुरतो.

आता दुसरं वाक्य. 'तो असेपर्यंत चालतं, तो घरी गेला की बंद.' माझा अंदाज असा की त्या मुलाला तुमचं वायफाय यादीत सापडलं नाही, म्हणून त्याने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट, म्हणजे आपल्या फोनचा डेटा दुसऱ्याला वापरू द्यायची सोय, सुरू करून लॅपटॉप त्याला जोडला. फोन त्याच्या खिशात, म्हणून तो घरी गेला की तुमचं नेटही त्याच्याबरोबर जातं. पुढच्या वेळी तो आला आणि नेट चालू झालं की लॅपटॉप कुठल्या नावाला जोडलाय ते बघा. त्याच्या फोनच्या कंपनीचं किंवा त्याचंच नाव दिसलं तर खूण पटली. त्याला रागावू नका. स्वतःचा डेटा खर्च करून त्याने तुमची वेळ भागवली. वर नकळत एक तपासणीही करून दिली. लॅपटॉप त्याच्या फोनला जोडला जातो याचा अर्थ लॅपटॉपमधलं वायफाय चालतंय. दुकानदाराने हे बघितलं होतं का, एवढं त्याला जरूर विचारा.

वॉर्डात नातेवाईक धावत येऊन म्हणायचे, 'सिस्टर, सलाइन थांबलं!' तेव्हा तुम्ही काय करायचात? पेशंट जुना झाला असं तर म्हणत नव्हतात. आधी वर बघायचात, बाटलीत आहे का. मग नळीवरचा रोलर कुणी बंद तर केला नाही. मग नळी पेशंटच्या अंगाखाली दुमडलीय का. शेवटी सुईपाशी, सूज आलीय का. वरून खाली, एकेक टप्पा. वायफायलाही नेमका हाच क्रम लावा.

बाटली म्हणजे कंपनीकडून येणारी लाइन. फायबरच्या डब्यावर छोटे दिवे असतात. त्यांतला एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच तुमच्या डब्यापर्यंत पोचत नाही. त्या वायरच्या आत काचेचा केसासारखा धागा असतो. ती कपाटाच्या मागे करकचून दुमडली, दारात चेंगरली किंवा उंदराने कुरतडली की काम थांबतं. अशा वेळी लॅपटॉपला हात लावू नका, कंपनीला फोन करा आणि 'एलओएस लाल आहे' असंच सांगा.

रोलर म्हणजे तो डबा. इथे मला तुमच्या 'फोनवर चालतं' या वाक्याला जरा हटकायचंय. फोनमध्ये मोबाइलचा डेटाही असतो. वायफाय मेलेलं असलं तरी फोन गुपचूप डेटावर चालत राहतो आणि आपल्याला वाटतं वायफाय ठीक आहे. म्हणून फोनचा मोबाइल डेटा दोन मिनिटं बंद करा, फक्त वायफाय ठेवा आणि एखादा व्हिडिओ लावून बघा. चालला तर डबा ठीक. नाही चालला तर डब्याचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं वाट बघा. मध्येच पुन्हा बंद-चालू करू नका. डब्याच्या मागे टाचणीने दाबायचं एक भोक असतं, ते मात्र कधीही दाबायचं नाही. त्याने कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाऊ शकते.

नळी म्हणजे डब्यापासून लॅपटॉपपर्यंतची हवा. आपल्याकडे डबा दिसायला बरा नाही म्हणून टीव्हीच्या मागे, नाहीतर लोखंडी कपाटाच्या आडोशाला ठेवतात. ही लहर लोखंडातून जात नाही, आणि जाड भिंतीतून जाताना अर्धमेली होते. डबा उघड्यावर, उंच फळीवर आणि जमेल तितका घराच्या मधोमध असावा. पहिल्यांदा जोडताना तर लॅपटॉप उचलून थेट डब्याशेजारीच बसा. तिथे जोडलं गेलं आणि आतल्या खोलीत तुटलं, तर दोष अंतराचा.

सुई म्हणजे लॅपटॉप. त्याची तपासणी तो मुलगा करून गेलाच आहे, पण तुम्हीही स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावून करू शकता.

प्रत्यक्ष जोडणी सांगते. तुमच्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज १० असेल. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, पृथ्वीच्या गोळ्यासारखं किंवा उघडलेल्या पंख्यासारखं चित्र असतं. त्यावर एकदा टिचकी मारली की नावांची यादी वर येते. (विंडोज ११ असेल तर आधी एक छोटी चौकट उघडते, तिच्यात पंख्याच्या चित्राशेजारचा बाण दाबला की यादी.) यादी अजिबातच नसेल तर चौकटीत विमानाचं चित्र रंगलेलं आहे का बघा. किबोर्डच्या वरच्या ओळीतही विमानाचं चित्र असलेलं एक बटण असतं, ते पुसता-पुसता दाबलं जातं. मग लॅपटॉप विमानात बसल्यासारखा सगळी वायफाय बंद करून ठेवतो. तेच बटण पुन्हा दाबलं की सुटतो.

यादीतल्या तुमच्या नावावर टिचकी मारा. खाली 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' अशी छोटी चौकट येईल. तिच्यात बरोबरची खूण हवीच. तुम्हाला वाटतंय की दर वेळी कुणीतरी येऊन जोडून द्यावं लागतं. तसं नसतं. ही खूण ठेवून एकदा जोडलं की त्या घरात तो लॅपटॉप पुढच्या वेळी आपला आपण जोडला जातो.

मग 'कनेक्ट' दाबा, पासवर्डची चौकट येईल. जास्तीत जास्त माणसं इथे अडतात, म्हणून जरा थांबून सांगते. पासवर्ड टाइप करताना अक्षरांऐवजी काळे ठिपके दिसतात. आपण काय लिहितोय तेच कळत नाही आणि चूक झाली की वाटतं आपल्यालाच येत नाही. चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून धरलं की अक्षरं दिसतात. दर वेळी बघा. इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरं इथे वेगळी धरतात, त्यामुळे कॅप्स लॉकचा दिवा लागलेला नको. शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल', यांत गफलत होते. वायफायचा पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असतो. तुमच्या कागदावर सहाच असतील तर कागदावर लिहितानाच काहीतरी गळलंय.

पासवर्ड आठवत नसेल तर डबा उलटा करून त्याच्या पोटावरची चिठ्ठी वाचा. बसवणाऱ्याने तो बदलला असेल, तर तुमचा फोन त्या वायफायला जोडलेला आहेच, म्हणजे फोनला पासवर्ड ठाऊक आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या वायफायमध्ये जाऊन आपल्या नावावर दाबलं आणि 'शेअर' निवडलं की एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र येतं आणि बऱ्याचदा त्याखालीच पासवर्ड लिहिलेला असतो.

जोडलं गेलं, पण खाली 'नो इंटरनेट' दिसतंय? म्हणजे लॅपटॉप आणि डबा यांची गाठ पडली, बाटली रिकामी आहे. पुन्हा पहिल्या टप्प्यावर जा, डब्यावरचे दिवे बघा. आणि जोडलंय, नेटही आहे, पण साइट उघडताना 'सुरक्षित नाही' अशी भीती घालणारा मजकूर येत असेल, तर कोपऱ्यातली तारीख वाचा. जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि चुकीच्या तारखेच्या लॅपटॉपवर साइट विश्वास ठेवत नाहीत. तारीख दुरुस्त केली की झालं.

ते बिनकुलपाचं नाव. त्याला जोडू नका. कुणाचं आहे, त्यातून कोण काय बघतंय, तुम्हाला माहीत नाही. मालकालाही त्याची किंमत मोजावी लागते. २००८ साली अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला होता. तपास नवी मुंबईतल्या एका घराशी येऊन थांबला. त्या घराचं वायफाय बिनकुलपाचं होतं आणि कुणीतरी ते वापरून गेलं होतं. पोलिस मात्र त्या घरात राहणाऱ्याच्या दारात उभे राहिले. शेजाऱ्यांशी चांगले संबंध असतील तर त्यांना सांगा, तुमच्या वायफायला पासवर्ड लावून घ्या. तुमचाही पासवर्ड आल्यागेल्याला देऊ नका.

आता पैशांचं. एवढं सगळं करूनही लॅपटॉपचं वायफायच बिघडलेलं निघालं, तर यूएसबीत खोचायचा अंगठ्याच्या पेराएवढा वायफाय डोंगल काहीशे रुपयांत मिळतो. दोन्ही लहरींचा मागून घ्या. डबा आणि लॅपटॉप एकाच खोलीत राहणार असतील तर डब्यातून थेट लॅपटॉपला जोडायची लॅनची वायर त्याहून भरवशाची, जुन्या लॅपटॉपला बहुतेक वेळा तिची खाच असते. नव्या लॅपटॉपच्या बाजूने एकच खरं कारण आहे. विंडोज १०ला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षेची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. म्हणून या लॅपटॉपवर बँकेचं आणि पेन्शनचं काम करू नका. नातवाशी बोलायला, कीर्तन ऐकायला तो राहू द्या. पुढे वर्षभराने तुमचा हात बसला आणि तुम्हाला स्वतःलाच नवा हवासा वाटला, तर तेव्हा मुलीचे पैसे आनंदाने घ्या.

वयाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला वाईट वाटलं, कारण त्याच पत्रात तुम्ही पोलिओच्या मोहिमेत वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्याचंही लिहिलंय. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला. देशभरचा पल्स पोलिओ सुरू झाला त्याच वर्षाच्या अखेरीस. म्हणजे हे काही तुमच्या मुलीच्या पिढीचं नाही, तुमच्या ऐन नोकरीच्या काळातलं आहे. तेव्हा तुमच्या खांद्याला लशींचा थंड डबा होता, म्हणून इकडे बघायला सवड झाली नाही. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायच्या दिवसांपासून डिजिटल बीपी मशिनपर्यंत सगळं तुम्ही नोकरीतच शिकलात. ते शिकवताना 'आई, साधं आहे गं' असं कुणी म्हणालं नसेल, आणि मला वाटतं फरक तिथे पडलाय.

म्हणून मुलीशी एक ठरवून घ्या. हे पत्र वाचणाऱ्या आणि आईवडिलांना, सासूसासऱ्यांना शिकवणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, 'साधं आहे' हा शब्द टाळा. ज्याला ते येत नाही त्याला तो शब्द थपडेसारखा लागतो. आणि त्यांच्या हातातला माऊस काढून घेऊ नका. शेजारच्या मुलालाही तेच सांगा: हात माझे, तोंड तुझं. तू सांग, मी दाबते. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल, लागू दे.

ताई, तुमच्याकडूनही एक हवंय. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचं असलं तर 'पेशंटला बरं नाही' एवढंच तुम्ही कधी सांगितलं नसेल. नाडी, बीपी, ताप, सलाइन कधी लावलं, सगळं हातात घेऊन मग फोन. मुलीला मात्र आपण म्हणतो, 'अगं, ते चालतच नाहीये.' एक दोनशे पानी वही घ्या आणि तिला लॅपटॉपचा केसपेपर करा. पहिल्या पानावर वायफायचं नाव, पासवर्ड, कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि बिलावर छापलेला फोन नंबर. पुढच्या पानांवर तारीख, कोणता दिवा लागलाय, पडद्यावर काय लिहून आलं, मी काय केलं. इंग्रजी मजकूर कळला नाही तरी अक्षरन् अक्षर उतरवा. फोन केल्यावर आधी हे वाचून दाखवा. त्याहून सोपं म्हणजे फोनवर व्हिडिओ कॉल लावून मागचा कॅमेरा लॅपटॉपच्या पडद्याकडे धरा, म्हणजे नाशिकला बसून तिला तुमच्यासारखंच सगळं दिसेल.

कंपनीचा नंबर बिलावरचाच घ्या, गूगलवर शोधून नको. तिथे ग्राहकसेवेच्या नावाने भामटे आपले नंबर टाकून ठेवतात आणि मदत करतो म्हणत एखादं ॲप घ्यायला लावून तुमचा पडदा ताब्यात घेतात. वायफाय दुरुस्त करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. असा काही प्रकार होऊन पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला फोन लावा.

हे सगळं नातवाच्या फोनच्या वेळेला करायला बसू नका. एखाद्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, लॅपटॉप डब्याशेजारी ठेवून बसा. जोडलं गेलं की लॅपटॉप पूर्ण बंद करा, पुन्हा चालू करा आणि आपोआप जोडला जातोय का बघा. मग उचलून आतल्या खोलीत न्या, तिथेही बघा. वहीत तारीख घाला. आणि दिवस असा निवडा की शेजारचा मुलगा कॉलेजात गेलेला असेल.